जी चाकं दत्तूमामाने बसवली नव्हती

अन्याय दत्तू फिटरवर झाला, आणि तो एकदा नाही, तीनदा झाला. पहिला गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना, कर्नाळ्याच्या उतारावर. त्याने कधीच न बसवलेलं एक चाक तो चालवत असलेल्या पिकअपपासून सुटलं आणि तो गेला. दुसरा त्याच दुपारी साडेतीनला, जेव्हा त्याच्या पोटच्या पोराने जबाबात सांगितलं, "चाकं बाबांनीच बसवली होती." तिसरा शनिवारी सकाळी, पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर. तो मी केला. छापून केला, पाचशे प्रतींत.

दत्तू फिटर माझा मामा. आईचा धाकटा भाऊ.

बुधवारी मी जासईच्या रस्त्यावर उभी होते. कंटेनर यार्डांच्या बाहेर ट्रेलर दोन-दोन रांगांत उभे असतात आणि शाळेची पोरं त्यांच्या मधून वाट काढत जातात, त्याविरुद्ध आमचं पत्रक होतं. वर जाड अक्षरांत मीच लिहिलेला मथळा, "भिऊ नका, रस्त्यावर या!" फोन वाजला. रोशनचा, माझ्या मामेभावाचा, मामाच्या एकुलत्या एक मुलाचा. मी "हां, बोल" म्हटलं. तो बोलेना. पलीकडून नुसत्या गाड्या जात होत्या... एक गेली, दुसरी गेली, कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. मी "रोशन, अरे रोशन" करत राहिले. मग एक अनोळखी आवाज आला, "मॅडम, इनके पापा... आप आ जाओ." हातातली पत्रकं खाली पडली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं हे की मी ती घट्ट धरून ठेवली होती. रिक्षात बसल्यावरही धरून होते. जासईपासून पनवेलपर्यंत "भिऊ नका" हे शब्द माझ्या मांडीवर होते.

मामा भित्रा होता. हे मी लपवणार नाही, कारण सगळं गाव त्याला त्याच नावाने ओळखायचं. भित्रा दत्तू. शिडीवर चढायचा नाही, खाडीत उतरायचा नाही, रस्ता ओलांडताना मोकळ्या रस्त्यावरही दोनदा थांबायचा. त्याचे वडील, माझे आजोबा, मिठागरात काम करायचे. मिठागरं गेली, मग शेती विमानतळाखाली गेली. गावातल्या बाकीच्यांनी बांधकामं घेतली, डंपर घेतले. मामाने करंजाड्याच्या फाट्याजवळ पत्र्याची एक शेड टाकली आणि बाहेर पाटी लावली, "चाकांचे सर्व काम". तीस वर्षं त्याने लोकांची चाकं काढली आणि बसवली, आणि या तीस वर्षांत तो एकदाही बेफिकीर झाला नाही. नट आवळून झाल्यावर गिऱ्हाईक गाडीत बसलं की हा परत पाना घेऊन वाकायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "दत्तूशेठ, झालं ना आता?" हा म्हणायचा, "झालंय रं. मना भ्या वाटतंय तवर बगू दे."

मी कॉलेजात असताना संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले, आणि माझं पहिलं पत्रक मोठ्या तोऱ्यात मामाला नेऊन दाखवलं. त्याने ग्रीसचे हात फडक्याला पुसले, कागद कोपऱ्याला धरून वाचला आणि विचारलं, "बाय, तू लिवलंयस भिऊ नका. का नाय भ्यायचं?" मी म्हटलं, "मामा, लोक घाबरले की गप्प बसतात." तो म्हणाला, "मी घाबरतो तवाच तं बोलतो." मला त्या वेळी त्याची कीव आली. आता माझी येते.

तो करायचा काय, ते सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर काय लादलं गेलं ते कळणार नाही. आपल्याकडे पिकअप घेतली की पोराला तिची मूळ चाकं बारीक वाटायला लागतात. त्याला रुंद चाकं हवीत, मडगार्डच्या बाहेर निघालेली, लांबून छाती फुगवल्यासारखी दिसणारी. आमच्या आगरी वस्त्यांत तर हळदीच्या मिरवणुकीत कुणाच्या पिकअपची चाकं किती बाहेर, यावर पोरांच्या पैजा लागतात. मामाचा रुंद चाकांना विरोध नव्हता. पण रुंदी किती आणि बैठक कुठे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो जॅकला हात लावायचा नाही. बैठक हा त्याचा शब्द. दुकानदार ऑफसेट म्हणतात. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ आहे असं समजा. चाक गाडीच्या हबला, म्हणजे आसाच्या टोकाच्या तबकडीला, जिथे टेकतं, ती जागा त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर प्लस, आतल्या अंगाला असेल तर मायनस. आकडा मिलिमीटरचा; प्लसचा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या पोटात. आकडा शून्याकडे आणि त्याखाली घसरत गेला की चाक बाहेर बाहेर येतं.

मला हे तोंडी कळेना तेव्हा त्याने पाण्याने भरलेली बादली माझ्या हातात दिली. म्हणाला, "अंगाशी धर." धरली. "आता हात लांब करून धर." मी तीन मोजेपर्यंत धरली आणि पाणी सगळं त्याच्या पायावर. तो हसला नाही. "तुजा बाप मिठाची पाटी डोक्यावर घेऊन मैलभर चालायचा, नं?" "माझा नाही मामा, तुझा." "तेच ते. डोक्यावर घेऊन चालायचा. हात लांब करून चालला असता तं खांदा निखळला असता. गाडीला पन खांदा हाय. चाक बाहेर काढलं का सगळा भार त्या खांद्याव." बेअरिंग, बोल्ट, स्टिअरिंग, या सगळ्यांना मिळून तो खांदा म्हणायचा.

मग तो मोजायचा. त्याच्याकडे सागाची एक सरळ फळी होती, दोन फुटांची. चाक पालथं टाकून फळी रिमच्या काठांवर आडवी ठेवायची आणि तिथून हबच्या जागेपर्यंत टेप सोडायची. कागदावर काहीही छापलेलं असू दे, रिमच्या मागे कोणताही आकडा ओतलेला असू दे, तो फळी ठेवायचाच. आणि चाकं बसवली की शेवटचं, जिच्यासाठी तो आख्ख्या पनवेलमध्ये प्रसिद्ध होता आणि जिची चेष्टाही होत होती, ती गोष्ट. तो गाडीत माणसं बसवायचा.

फाट्यावर सकाळी मजुरांचा नाका भरतो. डोंगरापलीकडच्या वाड्यांतून आलेले बाया-बाप्ये, घमेलं-फावडं घेऊन, कुणी कामाला नेईल म्हणून थांबलेले. मामा शेडमधून हाक मारायचा, "चला गो, आठ जनी या!" आणि त्या हसत खिदळत पिकअपच्या हौद्यात चढायच्या. मग मामा स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचा, दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवायचा, गाडी एका चाकाने फळकुटावर चढवायचा, उतरवायचा. मडगार्डच्या आतल्या कडेला त्याने खडू फासलेला असायचा. टायरला पांढरं लागलं की चाक उतरवायचं, वाद नाही. दहा मिनिटांचं काम, सगळ्यांना चहा आणि पाव. त्यात जनाबाई नावाची कातकरी बाई नेहमी पुढे. एकदा ती हौद्यातून ओरडली, "दत्तूदादा, माजं वजन लिवून ठेव, आमचा बाप्या बोलतो मी वाळले!" मामा खालून म्हणाला, "तू बसलीस तं पाटे सपाट झाले, त्याला सांग." सगळा नाका हसला.

मी मात्र भडकले होते. मी नुकतीच मजुरांच्या हक्कांवरची पुस्तिका लिहिली होती. मी म्हटलं, "मामा, ही माणसं आहेत. वजनं म्हणून काय वापरतोस? सिमेंटच्या गोण्या टाक." तो शांतपणे म्हणाला, "गोनी बोलत नाय, बाय. चाक घासलं तं ह्या बोलतात." आणि खरंच, तेवढ्यात मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "दादा, हितं खालून खर्र करतंय." मामाने गाडी जागच्या जागी थांबवली. मी वाकून बघितलं. टायरच्या खांद्यावर नखाएवढा पांढरा डाग होता.

लोकांचा त्याच्यावर खरा राग होता तो दुसऱ्याच कारणाने. आपल्याकडे गाडीला काहीही नवीन लावलं की चार चाकांखाली चार लिंबं, नारळ, आणि गाडी रिकामी गावदेवीला. त्या दिवशी तिच्यावर ओझं टाकायचं नाही, अपशकुन होतो. सगळे पाळतात. मामा आधी माणसं बसवायचा, मग लिंबं. लोक म्हणायचे, दत्तूला देव नाही. तो म्हणायचा, "देवीला पन भरलेली गाडी दाखवा. रिकामी काय, कुनाची पन सरळ चालते." यावरून गिऱ्हाइकं तोडून गेली, शहरात नवीन झालेल्या चकचकीत डेकोरेशनच्या दुकानांकडे गेली. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, गाणी लावतात, रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून फोटो काढतात. तिथे कुणी विचारत नाही की ही उद्या काय वाहणार आहे.

रोशनही त्यांच्यातलाच. त्याची पिकअप पाण्याचे जार वाहायची, लग्नाच्या हॉलांना आणि कंटेनर यार्डांना. त्याला कुणीतरी फोनवर चाकं दाखवली, काळी, नऊ इंच रुंद, मायनस बाराची. त्याच्या गाडीची मूळ चाकं साडेपाच इंची, प्लस चाळीसची. मी त्या दिवशी शेडमध्येच होते. मामाने कागदाच्या पुडीच्या मागच्या बाजूला आकडे मांडले आणि म्हणाला, "बाहेरून जवळजवळ चार इंच जातंय. भोकं पन जुळत नाय, म्हंजे भोकं जुळवायला हब न् रिमच्या मदी जाड चकती आली. नाय."

"बाबा, सगळे लावतात."

"सगळे हळदीला लावतात. तू रोज साठ जार घेऊन जातोस."

"तुमी घाबरट हाय म्हनून मी काय घाबरट होऊ?"

मामाने पेन्सिल कानावर ठेवली. एवढंच म्हणाला, "सात इंची घे. प्लस वीस. दीड इंच बाहेर येतं, मडगार्डच्या रेघेत बसतं. दिसतं पन बेस." रोशन पाय आपटत निघून गेला. मी काय केलं? मी हसले. मला ते बाप-लेकाचं नेहमीचं भांडण वाटलं. मी म्हटलं, "मामा, जाऊ दे ना, तरुण आहे." माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांपैकी हे एक वाक्य मला परत गिळता आलं असतं तर... पण राहू दे.

नंतर बुधवार आला. दवाखान्यात, मग गावात, मग स्मशानात, सगळीकडे एकच कुजबुज होती. दत्तूच्या हातचं काम. एवढा घाबरायचा आणि शेवटी त्याच्याच हातचं चाक निसटलं बघा. रोशनच्या जबाबावर कुणी शंका घेतली नाही. बाप चाकांचा फिटर, पोराची गाडी, मग दुसरं कोण बसवणार? गाडी मी पाहिली नव्हती, मलाही वाटलं, शेवटी मामाने त्याला सात इंचीच बसवून दिली असतील. आणि मला ते सहन होईना. माझ्या मामाच्या हातचं काम चुकेल हे मी मानायलाच तयार नव्हते, म्हणून मी माझ्या हाताला येणारं एकमेव हत्यार उचललं. मला पत्रक लिहिता येतं. मी महामार्गावर गेले, उतारावर एक खड्डा शोधला, त्याचा फोटो काढला आणि शनिवारी सकाळी पाचशे प्रती छापून आणल्या, "कर्नाळ्याच्या खड्ड्याने घेतला दत्तू फिटरचा बळी! जबाबदार कोण?" चाक जिथे सुटलं त्या जागेपासून तो खड्डा चांगला लांब होता. मला माहीत होतं. मी फोटो जवळून काढला.

कुणीही मला खोटं पाडलं नाही. लोक पत्रक घेत होते, मान हलवत होते, "हो ना, रस्ते बघा" म्हणत होते. खोटं इतकं सहज खपतं, याची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. ती नंतर वाटली.

सोमवारी मी करंजाड्याच्या नाक्यावर वाटप करत होते. जनाबाईने कागद घेतला, उलटा धरला, मग माझ्याकडे दिला. "वाच. माज्या दादाचं काय लिवलंयस?" मी वाचून दाखवलं. खड्डा, ठेकेदार, जबाबदारी, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं लिवलंस. पन ती चाकं दादानं बसवली नाय."

मी म्हटलं, "रोशननेच सांगितलंय जबाबात."

"मी शिकलेली नाय," जनाबाई म्हणाली, "पन दादानं चाकं बसवली का आमी गाडीत चढतो. बारा वर्सं चढते मी. ह्या गाडीत आमी चढलो का? नाय चढलो. इचार कुनाला पन." आणि तिने मागे वळून हाक मारली, "गो, रोशनच्या गाडीत बसली का कोन, नव्या चाकांवर?" आठ-दहा बायकांनी माना हलवल्या. नाही. कुणीच नाही.

उरलेली पत्रकं मी पिशवीत घातली. ती आजही घरी आहेत.

रोशन गोठ्यामागे सापडला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "तुला कोनी सांगितलं?" मग तो बोलत गेला, मध्येच थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा... मंगळवारी त्याने शहरात ती काळी चाकं बसवून घेतली होती. जुनी चाकं बदल्यात दुकानातच ठेवली. बापाला सांगितलं नाही. बुधवारी संध्याकाळी एका मित्राची हळद होती, तिथे गाडी दाखवून मग सांगणार होता. मंगळवारी लिंबं ठेवली, रिकामी गाडी गावदेवीला नेली, ओझं टाकलं नाही, सगळं रीतसर. गाडी लोण्यासारखी चालली. बुधवारी सकाळी साठ जार भरले आणि कर्नाळ्याच्या पुढच्या एका हॉलवर निघाला. वळणावर वळणावर खर्र... खर्र. हॉलच्या दारात पोचेपर्यंत स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मग त्याने बापाला फोन केला.

मामा स्कूटरवरून आला. रोशनला वाटलं, चारचौघांत शिव्या खाणार. मामा थेट चाकापाशी वाकला. पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. "जार उतरव. सगळे." दोघांनी मिळून उतरवले. मामाने सगळे नट आवळले, पण नट होते बाहेरचे. आतल्या चकतीचे बोल्ट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि चाक काढायला जागा नव्हती. गाडी हॉलच्या फाटकात आडवी होती, वऱ्हाडाच्या बसा येत होत्या, हॉलचा माणूस डोक्यावर उभा होता, "गाडी हलवा हो, काय इथेच गॅरेज उघडताय?" मामा म्हणाला, "उताराच्या खाली पंप हाय, तितं सपाट जागा हाय. तितवर हळू नेतो. तितंच काढू."

रोशन म्हणाला, "मी चालवतो बाबा."

"नाय. तू स्कूटर घे. माज्या मागं ये. लांब रहा." तो स्कूटरपर्यंत जाईस्तोवर मामाने पुन्हा हाक मारली, "लांब म्हंजे लांब, रं."

रोशनने ते लांबूनच बघितलं. गाडी सायकलीच्या वेगाने चालली होती, तो म्हणतो. मग उताराला लागली. मागून एक ट्रेलर हॉर्न वाजवत आला, मामाने डावीकडे घेतलं, आणि पुढचं तेच चाक गाडीतून बाहेर पडलं. रोशन सांगतो, आवाज झालाच नाही. आधी चाक दिसलं, गाडीच्या पुढे, एकटंच, उभंच्या उभं, उतारावरून निवांत चाललेलं. आणि मागे गाडी गुडघ्यावर बसली आणि दुभाजकाकडे ओढली गेली... ते चाक नंतर अभयारण्याच्या बाजूच्या झाडीत सापडलं. चकतीचे बोल्ट मुळातून तुटलेले.

"मी खोटं का बोललो मना म्हाईत नाय," रोशन म्हणाला. "त्यांनी इचारलं चाकं कोनी बसवली, आनि माज्या तोंडातनं बाबा आलं. जसा मी लहानपनी बाबांचं नाव सांगायचो. तसं." मी त्याला मारायला गेले होते. मी त्याच्या शेजारी शेणाच्या ढिगाऱ्यापाशी बसले.

हा लेख मी आधी मामीला वाचून दाखवला. रोशन दारात उभा होता. मामीने पदर तोंडाला लावून सगळं ऐकलं, आणि मला भीती होती ती अशी की ती म्हणेल, एक गेला, आता दुसरा नको नेऊस. ती म्हणाली, "एवढी वर्सं लोक त्याला भित्रा बोलले, मी काय नाय बोलले. पन आळशी कोनी बोलायचं नाय. त्यानं चाक बसवलं असतं तं तपासलं असतं. लिव." रोशनने गेल्या आठवड्यात जाऊन जबाब बदलला. पुढे त्याचं काय होईल, ठाऊक नाही. त्या घरात सध्या फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघतो आणि कुणीच उचलत नाही.

पण मी हे फक्त मामाचं नाव धुवायला लिहीत नाही. पोलिसांकडून गाडी सुटून घरी आली तेव्हा उरलेली तीन काळी चाकं आणि त्या चकत्या रोशनच्या एका मित्राने परस्पर कुणाला तरी देऊन टाकल्या. कुणाला, ते त्याला सांगता येत नाही. "होता कोनतरी, पिकअपवाला." म्हणजे ती चाकं पनवेलमध्ये आहेत, किंवा उरणला, किंवा तुम्ही हे वाचताय त्या खिडकीखाली. त्यांना चौथं जोडीदार चाक कुठूनतरी मिळालं असेल. कुणीतरी त्यांच्याखाली लिंबं ठेवली असतील. मी स्कूटर चालवते आणि पुढे पिकअप आली की माझी नजर तिच्या चाकांवर जाते, काळी असली की वेग आपोआप कमी होतो, मागचे हॉर्न देतात. सिग्नलला खर्र असा आवाज आला की मी मान वळवून टायर शोधते. परवा करंजाड्यात एक पिकअप शाळेच्या पोरांना हौद्यात बसवून चालली होती, चाकं चांगली वीतभर बाहेर. मी मागे धावले. खरंच धावले. ड्रायव्हर हसून म्हणाला, "ताई, काय नाय होत, दोन वर्सं चालवतोय." मी त्याला काय सांगणार होते? की होतं तेव्हा आवाज होत नाही?

गेल्या रविवारी मी आणि मामी मामाची शेड उघडायला गेलो. सगळं तो ठेवून गेला तसंच. फळी खुंटीवर, खडूचे तुकडे डब्यात, पाने मापाप्रमाणे टांगलेले. मागच्या कोपऱ्यात गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. मामीने सुतळी सोडली. आत चार रिम होत्या, करड्या रंगाच्या, कोऱ्या, अजून प्लॅस्टिकसकट. मी फळी काढली, मामीने टेप धरली. सात इंची. प्लस वीस. गोणपाटावर मामाच्या ओबडधोबड अक्षरात खडूने लिहिलेलं होतं: "रोशन. गुरुवार. आधी माणसं."

गुरुवार. त्याने ती गुरुवारी लावायचं ठरवलं होतं. एका दिवसाचा फरक.

त्या रिम मी विकू देणार नाही, आणि मामीही देणार नाही. शेड रोज सकाळी उघडी असते. मी फिटर नाही, मला नट आवळता येत नाहीत, पण फळी ठेवता येते आणि खडू फासता येतो, आणि जनाबाई अजून नाक्यावर असते.

तुम्हाला पत्रक देत नाही. सही मागत नाही. तुमच्या दारात, सोसायटीत, गल्लीत एखादी पिकअप उभी असेल आणि तिची चाकं मडगार्डच्या बाहेर आली असतील, तर हा कागद खाली ठेवा आणि तिच्याकडे जा. मालकाला बोलवा. हौद्यात आठ माणसं चढवा, त्यांत स्वतःही चढा. मडगार्डच्या आत खडू फासा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि टायर बघा. रिम आणि हबच्या मध्ये जाड चकती दिसली, किंवा टायरला पांढरं लागलं, तर ती गाडी तिथून एक फूटही पुढे जाऊ देऊ नका. वऱ्हाड थांबवा, हळद थांबवा, तुम्हाला भित्रा म्हणणाऱ्याला म्हणू द्या, आणि चाक उतरवा. आज.